मदत हवी आहे: गावातल्या छोट्या चर्चमध्ये मुलांचा बायबल क्लब

नमस्कार. जूनपासून दर शनिवारी 4 ते सव्वापाच मुलांचा बायबल क्लब सुरू करतोय. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. मुलं साधारण 15, वय 5 ते 12, शिकवणारे आम्ही दोघंच. पालकांची लेखी परवानगी घेतोय; दोघांपैकी एक जण नसेल तर क्लब बंद, मुलांसोबत एकटं मोठं माणूस नको.

10 मिनिटं गाणी, 15 गोष्ट, 10 वचन पाठांतर, 25 हस्तकाम, 15 खेळ नि खाऊ. सुरुवातीच्या गोष्टी समुद्राच्याच: मार्क 4 मधलं वादळ, लूक 5 मधली फाटायला आलेली जाळी, योहान 21 मधले 153 मासे. जाळं विणताना रोज बघणाऱ्या मुलांना त्या लगेच कळतील.

अडतंय वाचनापाशी. पहिलीतल्यांना वचन ऐकूनच पाठ करावं लागतं, तोवर सातवीतली कंटाळतात. मोठ्यांना छोट्यांचे जोडीदार करावं, की गोष्टीनंतर दोन गट पाडावेत?

दुसरं, पावसात कार्डशीट सादळते, डिंक वाळत नाही, वीजही जाते. करवंट्या, शिंपले, सुतळी फुकट मिळतात. त्यांतून 25 मिनिटांत होणारं काही सुचवा ना, कृपया.