मेख भाड्यात नाही, स्लॉटमध्ये
सरकारनेच विमान तिकिटांचे दर बांधून दिले की विमान कंपन्यांची मनमानी थांबेल, हे म्हणणं पटलं नाही. अमेरिकेत हेच तर चालायचं! मार्ग आणि भाडी दोन्ही सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवायचं. १९७८ च्या कायद्याने ती पकड सैल केली आणि १९८५ उजाडताच बोर्डच गुंडाळलं. सुरक्षेची तपासणी मात्र एफएए या सरकारी विमान वाहतूक संस्थेकडेच राहिली, तिथे सैलपणा नकोच.

खरी मेख स्लॉटची, म्हणजे विमानतळावर उतरायच्या-उडायच्या नेमून दिलेल्या वेळेची. गर्दीच्या विमानतळावर उतरायला सोयीची वेळच मिळत नसेल तर नवी कंपनी स्पर्धा करणार कशी? सर्वसाधारण नियम असा की ८० टक्के स्लॉट वापरले की पुढच्या हंगामातही ते जुन्याच कंपनीकडे. त्यापायी जवळजवळ रिकामी विमानंसुद्धा उडवली गेलीत!