कॉर्निया ४९८ मायक्रॉन, नंबर मायनस साडेपाच: लॅसिक की पीआरके?

डिचोलीकरीण
मुलीसाठी विचारते, तिला लेसरने चष्मा घालवायचाय. वय २२, दोन्ही डोळ्यांना मायनस ५.५, सिलिंडर (तिरपा नंबर) मायनस १.२५. दीड वर्ष नंबर हललेला नाही. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची) जाडी ४९८ मायक्रॉन, बाहुली अंधारात ६.८ मिमी. एका ठिकाणी म्हणाले लॅसिक सहज बसेल, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले लॅसिक नको, पीआरके करा. एकाच डोळ्याबद्दल दोन मतं कशी? ती रोज स्कूटरने पणजीला जाते, परतताना काळोख होतो. दिवसभर एसीत संगणकासमोर काम. जूनमध्ये करून घ्यावं म्हणते. पावसात चालेल का? सुट्टी किती दिवसांची काढावी?

नंबरवाला
दोन्ही मतं एकाच गणितातून येतात, फक्त एक आकडा वेगळा धरलेला असतो. तो आकडा म्हणजे लेसर फिरतो त्या भागाचा व्यास, म्हणजे झोन.

ढोबळ हिशेब असा: व्यासाचा वर्ग भागिले ३, म्हणजे एका नंबरमागे किती मायक्रॉन कॉर्निया जातो ते. झोन ६.५ मिमी धरला तर साधारण १४. सिलिंडर धरून सर्वात मोठा नंबर ६.७५ होतो, म्हणजे ९५ मायक्रॉन गेले. लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा उचलतात, तो ११० चा. तो परत बसवला तरी ताकदीच्या हिशेबात धरायचा नाही. एकूण २०५. खाली उरले २९३. किमान २५० उरायलाच हवेत, सावध सर्जन ३०० पाहतात. शिवाय २०५ म्हणजे ४९८ च्या ४१ टक्के, आणि ४० च्या वर गेलं की कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या ठिकाणी नको म्हणाले.

आता झोन ६.० धरा. एका नंबरमागे १२, एकूण ८१, पापुद्र्यासह १९१, खाली उरले ३०७ आणि टक्केवारी ३८. कागदावर सगळं बसलं! पण बाहुली काळोखात ६.८ होते, म्हणजे झोनच्या बाहेरूनही उजेड आत शिरणार. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसणं, उजेड फाकणं याचं एक कारण तेच. काळोखात स्कूटर चालवणाऱ्या मुलीला ही तडजोड मी सुचवणार नाही. लॅसिक म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा: झोन किती धरलाय, पापुद्रा किती, खाली किती उरणार? तिन्ही आकडे कागदावर लिहून मागा. मशीन कुठल्या कंपनीची हा प्रश्न त्यानंतरचा.

पीआरकेत पापुद्रा नसतो. वरची ५० मायक्रॉनची साय काढून थेट लेसर मारतात, ती साय परत उगवते. इथे खाली ३५३ उरतात. स्माईल या तिसऱ्या लेसर पद्धतीबद्दल कुणी सांगेल, पण त्यात वर १२० ची टोपी आणि काढायची चकतीही लेसरच्या खोदाईपेक्षा थोडी जाड, म्हणजे या जाडीत ते लॅसिकहून तंग बसतं. टोपी ताकद टिकवते असा स्माईलवाल्यांचा युक्तिवाद आहे, त्यात तथ्य आहे, पण सीमेवरच्या डोळ्यात मी त्यावर भिस्त ठेवणार नाही.

एक प्रश्न राहिला. ती कॉन्टॅक्ट लेन्स घालते का? मऊ लेन्स मोजणीआधी दोन आठवडे बंद हवी, कडक असली तर तीन-चार. लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलतो. सकाळी लेन्स काढून दुपारी घेतलेलं पेंटाकॅम (कॉर्नियाच्या जाडीचा आणि आकाराचा नकाशा) कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचं.

डिचोलीकरीण
मऊ लेन्स घालते. मोजणीआधी दोनच दिवस काढली होती. आणि डोळे चोळायची सवय आहे, धूळ गेली की सुरूच.

दृष्टिमित्र फोंडा
मग आधी मोजणी परत करा, पीआरके की लॅसिक ते मागाहून. डोळे चोळणं ही बारीक गोष्ट नाही, केराटोकोनसशी (कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगण्याचा आजार) त्याचं नातं जवळचं. ४९८ ही जाडी सरासरीपेक्षा (सुमारे ५४०) कमी. नव्या टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात) मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा आणि दोन डोळ्यांतला फरक नीट बघायला सांगा. तिथे शंका आली तर पीआरकेही नको. तेव्हा पर्याय म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, आयसीएल, त्यासाठी पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ ते ३ मिमी लागते. आणि नंबर बाहुली मोठी करायचे थेंब घालून परत तपासा. तरुण डोळा जोर लावून मायनस जास्त दाखवतो.

पीआरके ठरलीच तर सुट्टी पूर्ण आठवड्याची काढा, दोन-तीन दिवसांत भागणार नाही. पहिले दोन-तीन दिवस आग, पाणी, उजेड सहन न होणं. तीन ते पाच दिवस डोळ्यावर पट्टीसारखी लेन्स असते. ती पडली तर स्वतः परत घालायची नाही, तडक दवाखाना. गंमत अशी की चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबतं पण दिसणं आणखी अंधुक होतं, कारण नव्या सायीच्या कडा मध्यावर येऊन मिळतात. घाबरू नका. कामापुरतं आठवड्याभरात दिसतं, खरी धार एक ते तीन महिन्यांत येते. दुखतं म्हणून फार्मसीतून बधीर करणारे थेंब आणून घालू नका, साय भरत नाही आणि कॉर्निया विरघळायला लागतो.

पाऊस ऑपरेशनला आडवा येत नाही. पावसातलं पाणी आणि आपले सण येतात. सांजांवला (जूनमधला गोव्याचा सण) विहिरीत उडी नाही, माशेलच्या चिखलकाल्याला लांबूनच बघायचं. समुद्र, नदी, विहीर, तरणतलाव सगळं एक महिना बंद. पहिला आठवडा डोक्यावरून पाणी घेताना मान मागे. स्कूटरवर काचेचं हेल्मेट, नाहीतर पुढच्या गाडीचं चिखलपाणी थेट डोळ्यात. ढग असले तरी गॉगल काही महिने सोडायचा नाही. एवढ्या नंबरला पीआरकेनंतर कॉर्नियावर धुरकटपणा यायची भीती असते, ऊन ती वाढवतं. तो टाळायला ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन हे औषध ०.०२ टक्के काही सेकंद लावतात, लावणार का ते विचारा.

स्टेरॉइडचे थेंब दोन-तीन महिने हळूहळू कमी करत जायचे. मधेच बरं वाटलं म्हणून बंद केले तर धुरकटपणा, आणि दाब न तपासता ओढत राहिले तर काचबिंदूकडे वाटचाल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला डोळ्याचा दाब मोजून घ्या. मोजणी आणि तपासण्या परत करायच्या म्हटल्यावर जूनची घाई सोडलेली बरी. जुलै उजाडला तर थेंब चतुर्थीतही चालू असतील, बाटली माटोळीखाली (गणपतीवर बांधायची फळाफुलांची आरास) विसरू नका म्हणजे झालं.

एसी आणि संगणक असल्यामुळे शिर्मर चाचणी (अश्रू किती येतात ते मोजणारी) आणि अश्रूंचा थर फुटायला लागणारा वेळ आधीच पाहून घ्या. मुळात कोरडा डोळा असेल तर तो आधी सुधारायचा. नंतर वंगणाचे थेंब सहा महिने धरून चाला.

पडद्याआड
दोन गोष्टी कुणी बोललं नाही. बाहुली मोठी करून डोळ्यामागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडा तपासल्या का? मायनस साडेपाचचा डोळा लांब असतो, कडेला पडदा पातळ किंवा छिद्र पडलेला असू शकतो. लेसरने चष्मा जातो, डोळ्याची लांबी जात नाही. म्हणून पडद्याची तपासणी पुढेही वर्षातून एकदा. अचानक चमका, काळे ठिपके वाढले, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

विमा: नंबर ७.५ च्या आत असेल तर चष्मा घालवायचा खर्च आरोग्य विम्यातून मिळत नाही, ते कलम बहुतेक पॉलिसींत छापलेलं असतं. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि ऑपरेशनआधीचे सगळे आकडे, म्हणजे नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, घरी जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना त्यांची गरज लागते, आणि कॉर्निया पातळ झाल्यावर डोळ्याचा दाबही मशीनवर खराहून कमी दिसतो. झेरॉक्स नको. पेंटाकॅमची रंगीत छपाईच मागा, झेरॉक्समध्ये नकाशाचे रंग उडतात आणि मग त्यातून काही वाचता येत नाही.