हात हलवायचा की खिशात ठेवायचा? (अटलांटाचा टॉमहॉक चॉप)

पेठकर_जॉर्जियात
परवा लेकाला घेऊन अटलांटा ब्रेव्हज या बेसबॉल संघाच्या सामन्याला गेलो होतो. मध्येच दिवे मंदावले, ढोल सुरू झाला आणि अख्खं स्टेडियम 'ओ... ओ' करत कुऱ्हाड चालवल्यासारखे हात हलवू लागलं. हाच तो 'टॉमहॉक चॉप', टॉमहॉक म्हणजे इथल्या मूळनिवासींची कुऱ्हाड. मीही हलवले. परतताना लेक म्हणाला, "बाबा, इथल्या मूळनिवासी चेरोकींचं काय झालं ते आम्हाला शाळेत शिकवलंय." मग घर येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

रात्री वाचत बसलो. स्टेडियम ज्या कॉब काउंटीत आहे ती 1832 मध्ये चेरोकींच्याच जमिनीतून काढलेली. 1838 मध्ये लष्कराने त्यांना ओक्लाहोमाकडे हाकललं, वाटेत हजारो मेले. 2019 च्या प्लेऑफमध्ये सेंट लुइस संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) रायन हेल्सली इथे खेळायला आला. हा स्वतः चेरोकी, ओक्लाहोमातल्या टाल्हिक्वाचा. चॉपमुळे आमची माणसं गुहेत राहणारी वाटतात, असं तो बोलला. इथल्या पुढच्या सामन्यात ब्रेव्हजने फोमच्या कुऱ्हाडी वाटल्या नाहीत. (त्यात ते 13-1 असे हरले, ते सोडा.) चॉप मात्र चालूच आहे. माझ्या मते तो बंद व्हावा. निर्वसाहतीकरण, म्हणजे वसाहतवादाचा वारसा मोडणं, म्हणतात त्याची सुरुवात तरी तिथून होईल.

खवट_म्हातारा
आलं, निर्वसाहतीकरण आलं! अहो, नॉर्थ कॅरोलिनात मागे राहिलेल्या चेरोकींचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड स्नीड यांनीच सांगितलं होतं की खेळात कोणी हात हलवला तर मला राग येत नाही, आमचे प्रश्न याहून मोठे आहेत. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला तर सेमिनोल जमातीने 2005 मध्ये ठराव करून आपलं नाव संघांसाठी वापरायला संमती दिली. ज्यांचं नाव त्यांची हरकत नाही, आणि पेठेतून गेलेला माणूस दुखावला!

नदीकाठची
काका, संमती कोणाची धरायची हाच तर घोळ आहे. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या संघांच्या 'फायटिंग सू' या नावाला सू लोकांपैकी स्पिरिट लेकवाल्यांनी होकार दिला, स्टँडिंग रॉकवाल्यांनी दिला नाही. 2012 मध्ये ते नाव गेलं. आणि वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या 'रेडस्किन्स' या नावाचं काय, जी मूळनिवासींना शिवीच आहे? मूळनिवासी कार्यकर्त्या सुझन हार्जो आणि इतरांनी त्याच्या ट्रेडमार्कविरुद्ध 1992 मध्ये तक्रार केली. निकाल कधी इकडे, कधी तिकडे. शेवटी जुलै 2020 मध्ये संघाची प्रायोजक कंपनी फेडेक्सने नाव बदलायला सांगितलं आणि दोन आठवड्यांच्या आत नाव गेलं. 28 वर्षं माणसं बोलत होती, ऐकलं ते प्रायोजकाचं. तेव्हा 'कोणाची हरकत नाही' म्हणण्याआधी हरकत घेणाऱ्यांना किती वर्षं ताटकळत ठेवलं तेही मोजा.

ओसरी
चॉप बंद करा, माझी ना नाही. ते साधं सौजन्य आहे. पण त्याला निर्वसाहतीकरण म्हणू नका. ईव्ह टक आणि वेन यांग या अभ्यासकांनी 2012 मध्येच बजावलं होतं की हा शब्द अलंकार म्हणून वापरायचा नाही, त्याचा अर्थ जमीन परत करणं. तारखाच बघा. 13 जुलै 2020 ला 'रेडस्किन्स' नाव सोडल्याचं जाहीर झालं, केवढा गाजावाजा! त्याच्या चारच दिवस आधी, 9 जुलैला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की ओक्लाहोमातलं मस्कोगी या मूळनिवासी जमातीचं राखीव क्षेत्र कायद्याने कधी संपलेलंच नाही. हे मस्कोगीही मूळचे जॉर्जिया-अलाबामाकडचे, तिथून हाकललेले. यातलं आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आलं? संघाचं नाव बदलायला नवे टी-शर्ट छापले की झालं. तिकडे ओक्लाहोमात मात्र तुरुंग, खटले, पोलीस, सगळ्यांची हद्द बदलली.

नदीकाठची
पण ज्या पोराने 'रेडस्किन' हा शब्द फक्त टोपीवर वाचलाय, त्याला तो खटला माणसांचा आहे हे तरी कळेल का? म्हणून दोन्ही हवं. आणि आपण कोण शहाणे? मराठीत अजून सर्रास 'रेड इंडियन' लिहितो.

खवट_म्हातारा
मग काय लिहू? नेटिव्ह अमेरिकन? 'अमेरिका' तरी कोणाचं नाव, एका इटालियन खलाशाचंच ना!

ओसरी
चेरोकी लिहा, मस्कोगी लिहा. देशस्थ, आगरी, वारली सगळ्यांना नुसतं 'आशियाई' म्हटलं तर चालेल तुम्हाला?

खवट_म्हातारा
हे पटलं. बाकीचं नाही.

पेठकर_जॉर्जियात
पुढच्या महिन्याची तिकिटं काढून ठेवली आहेत. लेक म्हणतोय, येईन, पण चॉपच्या वेळी हात खिशात.

खवट_म्हातारा
आणि हॉटडॉग कोण धरणार?