मदत हवी आहे: वेगाच्या एककांची संक्षिप्त रूपं नक्की कशी लिहायची?

बंदरवारा
पत्रक उद्या सकाळी छापायला द्यायचंय. एकाने ‘कि.मी./तास’ लिहिलंय, दुसऱ्याने ‘किमी/ता.’, इंग्रजी भागात ‘केएमपीएच’, तक्त्यात ‘केटीएस’. बरोबर कुठलं? लवकर सांगा.

चैत्रपालवी
कसलं पत्रक? शाळेचं असेल तर जपून, एककाचा गुण जातो. मी वर्गात ‘किमी/तास’ आणि ‘मी/से’ असंच लिहून घेते.

घाटमाथा
सोपं आहे. किमी/तासला ५ ने गुणा, १८ ने भागा, मी/से मिळतं. ७२ चे २० येतात.

बंदरवारा
रूपांतर नकोय हो, लिहायचं कसं ते हवंय. मराठी-इंग्रजी दोन्ही आहे.

मोजपट्टी
माझं कामच उपकरणं तपासण्याचं आहे, म्हणून ठामपणे सांगतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ही लघुरूपं नाहीतच, चिन्हं आहेत. त्यामुळे टिंब नाही, अनेकवचनाचा एस नाही. इंग्रजीत लहान के, लहान एम, तिरकी रेघ, लहान एच. मोठा के केल्विनचा, मोठा एम मेगाचा. सेकंदाला नुसता लहान एस. आकडा आणि चिन्ह यांत जागा सोडा. ‘केएमपीएच’ काढाच.

रानवाट
का काढायचं? हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांतही तेच असतं. लोकांना कळतं ना?

मोजपट्टी
रूढ आहे, प्रमाण नाही. छापील कागदावर प्रमाणच हवं.

निळाई
धागा निघालाच आहे तर विचारते. नेटचा वेग १०० एमबीपीएस, पण डाउनलोड सेकंदाला १२ मेगाबाइटच्या वर जात नाही. फसवतात का?

रानवाट
नाही. तिथला बी लहान, म्हणजे बिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागा.

गलबत
बंदरवारा, तक्त्यात ‘केटीएस’ आहे, नॉटसाठी लिहितात ते, म्हणजे पत्रक बोटवाल्यांसाठी का?

बंदरवारा
हो, मच्छीमार सोसायटीचं, वादळाच्या इशाऱ्यांबद्दल. मराठी भागात ‘३४ नॉट/तास’ लिहिलंय.

गलबत
हे आधी सांगायला हवं होतं! नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, १.८५२ किमी. तास त्यातच आला, पुढचं ‘/तास’ काढा. चिन्हावर एकमत नाही: कोणी ‘केएन’ लिहितं, विमानवाले ‘केटी’. म्हणून मराठीत चिन्ह नकोच, ‘ताशी ६३ किमी (३४ नॉट)’ असं लिहा. हलत्या बोटीवर तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) वाचायचंय, त्याला रेघा-टिंबांत अडकवू नका. आणि ‘ताशी ६३ किमी/तास’ असं दोनदा तर अजिबात नको.

मोजपट्टी
मराठीपुरतं मान्य. इंग्रजीत मात्र मी सांगितलं तेच.

बंदरवारा
तक्ता बदलतोय. वाऱ्याचा वेग ‘ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ पर्यंत’ चालेल?

गलबत
६५ पुढेही किमी लिहा. शेजारी नॉटचा रकाना आहे, कोणी ६५ नॉट समजेल.