जॅकी रॉबिन्सनवरील एकांकिकेसाठी मदत हवी आहे

नमस्कार. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर उतरून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधील कृष्णवर्णीय खेळाडूंवरची वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनवर मी आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी एकांकिका लिहीत आहे. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या संघाने, खुद्द मॅनेजर बेन चॅपमनच्या पुढाकाराने, त्याला वर्णावरून अत्यंत घाणेरड्या शिव्या दिल्या आणि त्याला ब्रुकलिनच्या संघात घेणाऱ्या संघप्रमुख ब्रँच रिकीला दिलेल्या, अपमानाला प्रत्युत्तर न देण्याच्या शब्दाखातर तो गप्प राहिला. माझ्या मते खरे नाट्य तिथेच आहे. सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिल्यानंतर १९४४ मध्ये कोर्टमार्शलला सामोरा गेलेला आणि त्यातून निर्दोष सुटलेला हा माणूस मुळीच सोशीक नव्हता. म्हणूनच त्याचे मौन प्रेक्षकांना दुबळेपणाचे वाटू नये, याची मला फार काळजी वाटते.

बेसबॉल कधीच न पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर, केवळ पाच कलाकारांसह, तो सामना कसा उभा करावा? तो पत्नी रेचेलच्या नजरेतून दाखवावा, की अखेर न राहवून चॅपमनच्या खेळाडूंवर उलट ओरडलेल्या एडी स्टँकी या सहकाऱ्याच्या? रंगमंचावर मैदानी खेळ बसवलेल्या दिग्दर्शकांनी, विशेषतः ध्वनी आणि प्रकाशयोजनेबाबत, कृपया मार्गदर्शन करावे.