मदत हवी आहे: मोठी घोरपड आणि पट्टेवालं पिल्लू एकाच जातीचं का?

नमस्कार मंडळी,

आमच्या शेताच्या बांधावर जुनं वारूळ आहे. तिथे एक भलीमोठी घोरपड बऱ्याचदा ऊन खात पडलेली असते. लांबी चार फुटांच्या पुढे असेल, त्यात निम्म्याहून जास्त शेपूटच. रंग मातकट करडा, अंगावर बारीक काळपट ठिपके. शेपूट दोन्ही बाजूंनी दबलेली, वरच्या कडेला धार. जीभ सापासारखी दुभंगलेली.

आता त्याच वारुळाजवळ हातभर लांबीचं एक जनावर दिसू लागलंय. पाठीवर पिवळट ठिपक्यांच्या आडव्या ओळी, गळ्यावर आणि पोटावर गडद पट्टे. कामावरची माणसं म्हणतात, ही घोरपड नव्हेच, हे वेगळं आणि जहरी आहे, दिसलं की ठेचायचं. मला ते होऊ द्यायचं नाही, म्हणून खात्रीचं उत्तर हवंय.

वाचून एवढं कळलं की भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. वाळवंटी घोरपडीची शेपूट गोलसर असते, म्हणजे ती नाही. पिवळी उत्तरेकडच्या नद्यांच्या मैदानात. राहिल्या आपली नेहमीची आणि पाणघोरपड. मोठीच्या फोटोत नाकपुडी तिरक्या चिरेसारखी दिसते, डोळ्याकडे किंचित सरकलेली. लहानग्याचं तोंड मात्र फोटोत आलेलं नाही, ते लगेच भेगेत शिरलं. नाकपुडी न बघता, नुसत्या पट्ट्यांवरून ओळख पटते का?

प्रतिसाद

मोठी नक्कीच नेहमीची घोरपड. पाणघोरपडीची नाकपुडी गोलसर आणि थेट नाकाच्या टोकाजवळ असते, शिवाय ती सुंदरबन, भितरकनिका, अंदमान-निकोबार अशा भागांतली. लहानगं त्याच जातीचं पिल्लू. पिल्लं अशीच रंगीत असतात. वाढतील तसे पट्टे पुसट होतात आणि करडा रंग चढतो, म्हणूनच लोकांना ती दोन वेगळी जनावरं वाटतात. घोरपड वारुळात अंडी घालते, त्यामुळे जागाही जुळते.

माणसांना हे आधी सांगा की ती आपणहून अंगावर येत नाही. कोंडलं किंवा धरलं तर मात्र चावते, शेपटीचे फटकारे मारते, नखंही जोरात लागतात. तेव्हा हात न लावता वाट मोकळी ठेवायची. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार घोरपड अनुसूची 1 मध्ये आहे, मारणं हा गुन्हा आहे. वारूळ तेवढं मोडू देऊ नका.