लिथियम ऑरोटेट ५ आणि लिथियम कार्बोनेट ३००: एकाच्या जागी दुसरं चालतं का?

कोथरूडची_लेक
नमस्कार. भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने मित्राच्या हाती बाबांसाठी लिथियम ऑरोटेटची (तिकडे चिठ्ठीशिवाय मिळणारं पूरक) बाटली पाठवली आहे, लेबलवर ५ मि.ग्रॅ. लिहिलंय. बाबा ७१ वर्षांचे. हल्ली नावं विसरतात, गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघून येतात. २०२५ मध्ये लिथियम आणि अल्झायमरबद्दल हार्वर्डच्या उंदरांवरच्या संशोधनाची बातमी आली, तेव्हापासून भावाने हेच लावून धरलंय. त्यात आमच्या मावशीला बायपोलर (मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार) आहे, ती बऱ्याच वर्षांपासून लिथियम कार्बोनेट ३०० सकाळ-रात्र घेते. बाटली बघून म्हणाली, "माझं तीनशे, ह्याचं पाच! मग मलाही हेच आण की, हाताची थरथर तरी जाईल."
दोन्ही एकच आहे का? आणि बाबांना देऊ का? त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची गोळी चालू आहे. गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक घेतात.

फिटनेस_नाशिक
बिनधास्त द्या. मी स्वतः घेतो, झोप मस्त लागते. ऑरोटेट थेट पेशीत शिरतं म्हणून कमी पुरतं. कार्बोनेट जुनं झालं आता.

गोळ्यावाले_काका (सोलापूर)
ताई, बाटली तूर्त कपाटात ठेवा आणि मावशींना सांगा, तुमची गोळी एक दिवसही बदलायची नाही. आता का ते सांगतो. माझं औषधाचं दुकान आहे, हा हिशेब काउंटरवर पुष्कळदा मांडलाय.

मावशींच्या पाकिटावरचं ३०० हे गोणीसकट वजन आहे, म्हणजे लिथियम आणि त्याला जोडलेलं कार्बोनेट मिळून. कार्बोनेटमध्ये लिथियम वजनाने सुमारे १८.८ टक्के, म्हणजे एका गोळीत साधारण ५६ मि.ग्रॅ. आणि दिवसाला ११२. बाटलीवरचं ५ हे बहुधा निव्वळ लिथियम असेल. मागच्या बाजूला बारीक अक्षरात बघा, ऑरोटेट १२० किंवा १३० मि.ग्रॅ. लिहिलेलं सापडेल, कारण ऑरोटेटमध्ये लिथियम जेमतेम ४ टक्के असतं. काही कंपन्या पुढे ठळक अक्षरात १३०च छापतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं. तर मावशींनी अदलाबदल केली की ११२ वरून थेट ५ वर येणार. म्हणजे औषध बंद केल्यातच जमा, आणि लिथियम एकदम थांबवलं की आजार उसळून येण्याचा धोका मोठा असतो.

लिथियमचे सायट्रेट आणि ॲस्पार्टेट हे क्षारही मिळतात. पोटात गेल्यावर हे क्षार सुटे होतात आणि रक्तात फिरतो तो लिथियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू), तो सगळीकडे एकच. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांना दिलं ते सायट्रेट आणि कार्बोनेटच होतं. आज डॉक्टर कार्बोनेट लिहितात ते जुनी सवय म्हणून नव्हे. त्याची रक्तातली पातळी आणि परिणाम यांचा दशकांचा अनुभव गाठीशी आहे. ऑरोटेटमागे तसं काही नाही.

नाशिककर, 'थेट पेशीत शिरतं' हा दावा हान्स नीपर या जर्मन डॉक्टरांचा, १९७०च्या दशकातला. १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत ऑरोटेटने लिथियम जास्त दिसलं खरं. पुढच्याच वर्षी स्मिथ आणि शू यांनी दाखवलं की त्या डोसला उंदरांची मूत्रपिंडंच मंदावत होती, म्हणून लिथियम अंगात साठत होतं. बाहेर पडत नसलेल्या औषधाला जास्त गुणकारी कसं म्हणायचं?

ताईंच्या भावाची बातमी मात्र खोटी नाही. कार्बोनेटचं लिथियम मेंदूतल्या अमायलॉइडच्या (अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाच्या) गुठळ्यांत जास्त अडकतं, ऑरोटेटचं कमी, आणि अगदी थोड्या ऑरोटेटने उंदरांची स्मृती सुधारली, असं त्यात आहे. काम दमदार आहे, पण उंदरांवरचं. माणसांत ब्राझीलमध्ये ४५ विसराळू वृद्धांवर चाचणी झाली, २०११ मध्ये तिचे निकाल आले. थोडा फायदा दिसला, पण दिलं होतं ते कार्बोनेट, आणि रक्त तपासत तपासत.

बाबांच्या बाबतीत मला गोळीपेक्षा तिचा शेजार खटकतो. शरीरातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर काढतं, टेल्मिसार्टन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचा वेग कमी करतात. तिन्ही लिथियम वाढवणारी! अमेरिकेत १९४९ मध्येच हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. त्यात काही जण दगावले आणि ते बाजारातून काढावं लागलं. त्या लोकांचं मीठ आधीच बंद होतं. ५ मि.ग्रॅ. लहान डोस आहे, मान्य. पण एकाहत्तराव्या वर्षी मूत्रपिंड किती चालतंय हे न बघता रोज द्यायला मी सांगणार नाही.

मीठ_सोडू_नका
मी स्वतः कार्बोनेट घेते, म्हणून मावशींसाठी लिहिते. थरथर मलाही होती, कपात चहा हिंदकळायचा. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी पातळी तपासून डोस थोडा उतरवला आणि हळूहळू विरघळणारी गोळी दिली. फरक पडला. पातळीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगून येतो. आषाढीचा निर्जळ उपास मी सोडला, विठोबाला चालतं. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि थरथर एकदम वाढली, तोल जायला लागला, बोलणं जड झालं तर सरळ दवाखाना.

कोकणी_माणूस
होमिओपॅथीत लिथियम कार्ब ३० मिळतं. ते बाबांना निर्धोक ना?

गोळ्यावाले_काका (सोलापूर)
लिथियमपुरतं निर्धोकच. ३० शक्ती म्हणजे शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं. त्यात लिथियमचा एक अणूही उरण्याची शक्यता नाही. साखरेच्या गोळ्या आहेत, मधुमेह असेल तर तेवढी मोजा.

कोथरूडची_लेक
काका, मागे खरंच ऑरोटेट १३० लिहिलंय. मावशीला ११२ चा हिशेब कागदावर मांडून दाखवला, ती गप्प झाली. भाऊ काही गप्प होत नाहीये. त्याला काय सांगू?

गोळ्यावाले_काका (सोलापूर)
त्याला म्हणा, बाटलीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी-१२ च्या तपासणीचे पैसे पाठव. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच विसरायला लागतो, आणि त्यावर उपाय आहे. रिपोर्ट आणि बाटली दोन्ही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉल चालेल का, तेही तिथेच विचारा. त्या बीपीच्या गोळीबरोबर ते सारखं घेणं मूत्रपिंडाला तसंही बरं नाही, लिथियम असो वा नसो.